चौथ्या मजल्याची तक्रार गच्चीवर सुटते: मोठ्या इमारतींच्या एसीची देखभाल, सोप्या भाषेत

मार्च अर्धा सरला की मुंबईतल्या ऑफिसांच्या इमारतींमध्ये दुपारी तीनच्या सुमारास एक फोन हमखास येतो. "चौथ्या मजल्यावर गरम होतंय, जरा बघता का?" ऑपरेटर वर जातो, थर्मोस्टॅट दोन अंशांनी खाली आणतो. तरी भागलं नाही तर प्लांट रूममध्ये येऊन चिलरचं, म्हणजे इमारतीसाठी पाणी गार करणाऱ्या यंत्राचं, सेटिंगच कमी करतो. तासाभराने फोन थांबतात. बिघाड मात्र होता तिथेच असतो, आणि त्याची किंमत आता विजेच्या बिलात जमा व्हायला लागलेली असते. वीस वर्षं अशा प्लांट रूममध्ये काढल्यावर माझं ठाम मत झालं आहे की या तक्रारीचं मूळ पुष्कळदा चौथ्या मजल्यावर नसतंच. ते गच्चीवर असतं, तळघरात असतं, किंवा कुणीच न वाचलेल्या एका वहीत असतं.

हे असं का होतं ते कळायला एसी नेमकं काय करतो तिथून सुरुवात करावी लागेल.

एसी थंडावा तयार करत नाही. तो खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. घरच्या स्प्लिटमध्ये हे काम दोन डब्यांत आटोपतं. मोठ्या इमारतीत मात्र उष्णतेला लांबचा पल्ला गाठायचा असतो. गावात आग लागली की विहिरीपासून घरापर्यंत माणसं रांगेने उभी राहतात आणि बादल्या हातोहात पुढे देतात, तशीच ही रांग समजा. माणसांच्या अंगाची, दिव्यांची, कॉम्प्युटरची आणि काचेतून आलेल्या उन्हाची उष्णता आधी खोलीतल्या हवेत येते. ही हवा डक्टमधून एएचयूकडे, म्हणजे मजल्यावरच्या हवा खेळवणाऱ्या यंत्राकडे जाते आणि तिथल्या कॉइलमधल्या, म्हणजे नळ्यांच्या जाळ्यातल्या, गार पाण्याला उष्णता देते. ते पाणी चिलरमध्ये जाऊन ती गॅसच्या हवाली करतं. कॉम्प्रेसर तो गॅस दाबून जास्त तापमानाला नेतो. मग कंडेन्सर या चिलरच्याच भागात हा तापलेला गॅस दुसऱ्या एका पाण्याला, कंडेन्सरच्या पाण्याला, उष्णता देतो. ते पाणी पंपाने गच्चीवरच्या कूलिंग टॉवरमध्ये चढतं आणि उष्णता शेवटी मोकळ्या हवेत सोडतं.

चांगल्या चालणाऱ्या यंत्रणेतले आकडे साधारण असे असतात. खोली २४ अंश. चिलरमधून निघणारं गार पाणी ७ अंश, इमारत फिरून परत येणारं १२ अंश. चिलरमधला गॅस ५ अंशांच्या आसपास. कॉम्प्रेसरने दाबल्यावर तोच गॅस ३९ अंशांवर द्रवरूप होतो. टॉवरकडे जाणारं पाणी ३७ आणि तिथून उतरणारं ३२ अंश.

आता नीट बघा. उष्णता एका हातातून दुसऱ्या हातात जाते ती तापमानातल्या फरकामुळे. हात स्वच्छ असेल, म्हणजे नळी, कॉइल, पाणी सगळं स्वच्छ असेल, तर थोडक्या फरकातही काम भागतं. मध्ये धूळ, क्षार किंवा शेवाळ बसलं की तेवढीच उष्णता पुढे ढकलायला जास्त फरक लागतो. तो फरक कॉम्प्रेसर निर्माण करतो आणि त्यासाठी वीज ओढतो. तक्रार येण्याच्या कितीतरी आधी हा फरक वाढायला लागलेला असतो. म्हणून मला विचाराल तर देखभाल म्हणजे रांगेतल्या प्रत्येक दोन हातांमधला तापमानाचा फरक लिहून ठेवणं आणि तो वाढायला लागला की तिथे हात घालणं. पाइप धुणं, ग्रीस भरणं, पट्टे बदलणं ही सगळी कामं त्या आकड्यांच्या मागून येतात.

दोन अंशांचे सहा होतात तेव्हा

या फरकाला आमच्या धंद्यात 'अप्रोच' म्हणतात. कंडेन्सरमधून बाहेर पडणारं पाणी ३७ अंशांचं आणि गॅस द्रवरूप होण्याचं तापमान ३९, तर कंडेन्सरचा अप्रोच २. बहुतेक नव्या चिलरच्या पडद्यावर हे दोन्ही आकडे थेट दिसतात. जुन्या यंत्रावर गेजचा दाब बघून तक्त्यावरून तापमान काढता येतं.

पश्चिम उपनगरातल्या एका नऊ मजली इमारतीत मला बोलावलं तेव्हा हा आकडा ६ होता. गॅस ३९ ऐवजी ४३ अंशांवर द्रवरूप होत होता. व्यवस्थापनाच्या टेबलावर दुसरा चिलर घेण्याचं कोटेशन पडलेलं होतं, कारण "यंत्र पुरत नाही". आम्ही कंडेन्सरची झाकणं उघडली. चहाच्या जुन्या किटलीच्या बुडाशी बसतो तसा मातकट पांढरा थर प्रत्येक नळीत होता. झाकणाच्या गॅस्केटवर जुनं सील तसंच होतं, म्हणजे कित्येक वर्षांत ते कुणी उघडलंच नव्हतं. सर्व्हिस रिपोर्टवर मात्र दर तिमाहीला 'कंडेन्सर चेक्ड ओके' असा शेरा होता.

चार अंश म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. हमाल पोतं दुसऱ्या मजल्यावर नेतो की तिसऱ्या, यावर त्याची दमछाक ठरते. कॉम्प्रेसरचंही तसंच आहे. ५ अंशांपासून ३९ पर्यंत चढवायचं की ४३ पर्यंत, यावर त्याची वीज ठरते. द्रवरूप होण्याचं तापमान एका अंशाने वाढलं की वीज साधारण दोन ते तीन टक्क्यांनी वाढते. उलट बाजूनेही तेच. तक्रार दाबण्यासाठी ऑपरेटर गार पाण्याचं सेटिंग ७ वरून ५ वर आणतो तेव्हा तो चढाचा तळच दोन पायऱ्या खाली नेतो, आणि तिथेही अंशामागे तीन टक्क्यांच्या आसपास वीज जाते.

हिशोबच मांडू. ३०० टनांचा चिलर, टनामागे ०.६५ किलोवॅट वीज, सरासरी भार ७० टक्के. म्हणजे साधारण १३६ किलोवॅट. चार अंशांमुळे १० टक्के जादा धरा, ते झाले १३.६ किलोवॅट. रोज दहा तास, महिन्याला पंचवीस दिवस: ३,४०० युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर महिन्याला ३४,००० रुपये, एका थरापायी. स्टारची पट्टी लावणाऱ्या बीईईच्या प्रशिक्षण साहित्यात तर याहून कडक इशारा आहे: कंडेन्सरच्या नळ्यांत ०.८ मिलिमीटर थर साचला तर वीज ३५ टक्क्यांपर्यंत वाढू शकते. ०.८ मिलिमीटर म्हणजे नखाच्या जाडीहून थोडंसंच जास्त.

हा 'टन' वजनाचा नव्हे, हेही जाता जाता सांगतो. एक अमेरिकन टन, म्हणजे २,००० पौंड बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषेल, तेवढी क्षमता म्हणजे एक टन, किंवा साधारण ३.५ किलोवॅट. यंत्रं येण्याआधी गारवा बर्फानेच विकला जायचा. एकोणिसाव्या शतकात तो अमेरिकेतून जहाजात भुशाखाली दडपून मुंबईपर्यंत येत असे. त्या व्यापाराची खूण आजही आपल्या एसीच्या पाटीवर आहे.

नळ्या साफ करायच्या त्या वर्षातून एकदा, नायलॉनच्या ब्रशने. थर कडक असेल तर रसायन वापरावं लागतं, पण अ‍ॅसिड जास्त वेळ राहिलं तर ते क्षाराबरोबर तांबंही खातं. नळी भोकाळली की पाणी गॅसमध्ये शिरतं आणि मग गोष्ट कॉम्प्रेसरवर जाते. म्हणून डीस्केलिंग चालू असताना आम्ल किती उरलंय ते तपासत राहणारा माणूस तिथे उभा हवा. जुन्या चिलरच्या नळ्यांची जाडी एडी करंट पद्धतीने तपासून घेता येते. कुठली नळी पातळ झाली आहे ते फुटायच्या आधी कळतं.

गच्चीवरचा माठ

कूलिंग टॉवर हा या सगळ्या रांगेतला सर्वांत दुर्लक्षित गडी. गच्चीवर असतो, उन्हात असतो, तिथे कुणाची खुर्ची नसते. पण उष्णतेला इमारतीबाहेर पडायचं दार तेच आहे.

टॉवर म्हणजे माठ. माठाच्या अंगातून झिरपलेलं पाणी वाफ होताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं, टॉवरमध्येही तेच होतं. पाणी वरून नोझलमधून फवारलं जातं, प्लास्टिकच्या जाळीदार फिल्सवरून पातळ होऊन उतरतं, पंखा त्यातून हवा ओढतो, आणि थोडं पाणी वाफ होऊन बाकीच्याला गार करतं. माठ नागपूरच्या मे महिन्यात दातांना झिणझिण्या आणेल इतका गार होतो आणि मुंबईच्या जुलैत नुसता ओला राहतो, कारण हवेत आधीच दमटपणा भरलेला असतो. टॉवरचंही अगदी तसंच. थर्मामीटरच्या फुग्यावर ओलं फडकं गुंडाळून वारा घातला की जे तापमान दिसतं, त्याला वेट बल्ब म्हणतात. टॉवर पाण्याला त्या आकड्याच्या खाली नेऊच शकत नाही. नागपुरात ४५ अंशांच्या कोरड्या उन्हात हा आकडा २३-२४ च्या घरात असतो. मुंबईत ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असली की तो २८ वर जातो. म्हणून उन्हाळा संपला, आता यंत्रावरचा ताण गेला, हा समज मुंबईत चालत नाही. पावसाळ्यात टॉवर आपल्या मर्यादेच्या काठावर काम करत असतो. शिवाय हवेतला दमटपणा कॉइलवर पाणी करून काढायचं ओझंही चिलरवरच असतं.

वर सांगितलेल्या इमारतीत टॉवरच्या नोझलमध्ये कबुतरांची पिसं अडकली होती. फवारा एका बाजूला धो धो आणि दुसऱ्या बाजूला कोरडा. कोरड्या बाजूने हवा आरामात निसटून जात होती, ओल्या बाजूला पुरेशी मिळत नव्हती. पंख्याचा पट्टा सैल होता. अर्ध्या दिवसाच्या साफसफाईने टॉवरमधून उतरणारं पाणी दीड अंशाने गार झालं, तेही चिलरला हात लावायच्या आधी.

आता पाण्याचा हिशोब, कारण आपल्याकडे तो विजेइतकाच महत्त्वाचा आहे. ३०० टनांची यंत्रणा पूर्ण भाराने चालली तर तासाला सुमारे १,८०० लिटर पाण्याची वाफ होते. दहा तासांत १८,००० लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे जवळजवळ दोन टँकर. वाफ होते ती शुद्ध पाण्याची. क्षार मागेच राहतात. आमटी आटली की खारट होते, तसं टॉवरमधलं पाणी दर तासाला खारट होत जातं. म्हणून त्यातलं काही पाणी मुद्दाम सोडून द्यावं लागतं. याला ब्लोडाउन म्हणतात. मूळ पाण्यापेक्षा तिप्पट क्षार चालू द्यायचे ठरवले तर तासाला ९०० लिटर सोडावे लागतात. पाणी मऊ असेल आणि पाचपट चालत असेल तर ४५० लिटर पुरतात. हे टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मीटरने मोजून करायचं काम आहे. पण पाणी वाचवायचं म्हणून ब्लोडाउनचा व्हॉल्व्ह कायमचा बंद करून ठेवलेल्या इमारती मी पाहिल्या आहेत. तिथे वाचलेलं पाणी कंडेन्सरच्या नळ्यांत दगड होऊन बसतं.

मुंबईत यात आणखी एक खाच आहे. भातसा, तानसा, वैतरणा यांचं पालिकेचं पाणी मुळात मऊ. उन्हाळ्यात ते कमी पडलं की टँकर येतो, आणि टँकरचं पाणी बोअरचं असेल तर ते जड असतं. जानेवारीत बसवलेलं रसायनाचं आणि ब्लोडाउनचं गणित एप्रिलमध्ये चुकलेलं असतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. सांडपाणी शुद्ध करून टॉवरला वापरणं चांगलंच आहे, मी त्याच्या बाजूचा आहे, पण त्यात अमोनिया उरलेला असेल तर तो तांब्याला खातो. म्हणून पाण्याचा स्रोत बदलला की त्याच आठवड्यात पाणी तपासून घ्यावं.

टॉवरबद्दलची सर्वांत गंभीर गोष्ट विजेची नाही. जुलै १९७६ मध्ये फिलाडेल्फियातल्या बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हॉटेलात अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन भरलं. घरी परतल्यावर एकेक जण न्यूमोनियाने पडू लागला. दोनशेवर लोक आजारी झाले, ३४ दगावले. पुढच्या जानेवारीत त्यामागचा जिवाणू सापडला, त्याचं नाव लीजिओनेला पडलं, आणि संशय हॉटेलच्या वातानुकूलन यंत्रणेवर गेला. २०१५ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात हाच आजार १३८ जणांना झाला, १६ मृत्यू झाले, आणि उगम एका हॉटेलच्या कूलिंग टॉवरपर्यंत पोचला. त्यानंतर त्या शहरात प्रत्येक टॉवरची नोंदणी आणि तपासणी कायद्याने सक्तीची झाली.

हा जिवाणू साधारण ३५ अंशांच्या पाण्यात मजेत वाढतो. टॉवरचं पाणी ३२ ते ३७ अंशांचं असतं. त्यात शेवाळ आणि गाळ असला की त्याला घर आणि अन्न दोन्ही मिळतं, आणि पंखा त्याचे बारीक तुषार रस्त्यावर उडवतो. म्हणून टॉवरची टाकी रिकामी करून धुणं, जंतुनाशकाची मात्रा चुकू न देणं, तुषार अडवणारे ड्रिफ्ट एलिमिनेटर तुटलेले न ठेवणं, आणि बरेच दिवस बंद असलेला टॉवर नुसता बटण दाबून सुरू न करणं या गोष्टींत तडजोड नको. टॉवर धुणाऱ्या कामगाराला नुसता रुमाल नव्हे, धड मास्क द्या. त्या तुषारांच्या सगळ्यांत जवळ तोच असतो.

मजल्यावर परत

तक्रार चौथ्या मजल्याची होती, तेव्हा एएचयूकडे येऊ. बहुतेक मजल्यांवर एएचयूला एक स्वतंत्र खोली असते आणि परतीची हवा त्या खोलीतूनच ओढली जाते. तिथे झाडू, पोछा, फिनेलचे कॅन आणि जुन्या फायलींचे खोके ठेवलेले असतील तर त्या वासाची आणि धुळीची हवा मजल्यावरचा प्रत्येक माणूस घेत असतो. आग लागली तर त्याच वाटेने धूर पसरतो. एएचयूची खोली रिकामी आणि कोरडी ठेवणं याला एक पैसा लागत नाही, आणि तरी हे सांगून सांगून घसा बसतो. फायर अलार्म वाजला की एएचयू आपोआप बंद पडतो का, हेही वर्षातून एकदा खरोखर अलार्म वाजवून बघायचं असतं.

फिल्टर किती दिवसांनी धुवायचा, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. दिवसांनी ठरवू नका, दाबाने ठरवा. फिल्टरच्या दोन्ही बाजूंना नळी लावून साधा मॅनोमीटर बसवला की मधला दाबाचा फरक दिसतो. स्वच्छ फिल्टरचा आकडा बसवतानाच लिहून ठेवा. तो दुपटीच्या वर गेला की धुवा किंवा बदला. शेजारी मेट्रोचं किंवा उंच इमारतीचं बांधकाम चालू असेल तर हे आठवड्यात होतं, नसेल तर महिना निघतो. धुतलेला फिल्टर ओला बसवला तर त्यावर बुरशी धरते. चौकटीत फट राहिली तर हवा फिल्टर टाळून फटीतून जाते आणि धूळ थेट ओल्या कॉइलवर चिकटते. जेट पंपाने कॉइल धुण्याची घाईही नडते. फिन, म्हणजे कॉइलच्या नळ्यांवरच्या धातूच्या पट्ट्या, कागदासारख्या पातळ असतात, जोराच्या पाण्याने त्या आडव्या होतात आणि हवेची वाट कायमची बंद होते. हलकं पाणी, सौम्य रसायन, आणि हवा जाते त्याच्या उलट दिशेने.

कॉइलखालच्या ट्रेचं पाणी छतातून टपकायला लागलं की सगळे 'गॅस लीक झाला' म्हणतात. बहुतेक वेळा दोष निचऱ्याच्या नळीत असतो. एएचयूचा पंखा हवा ओढत असल्यामुळे ट्रेमधल्या पाण्यालाही आतच धरून ठेवतो. म्हणून नळीला वाकडा यू-ट्रॅप लागतो, आपल्या बेसिनखाली असतो तसा. तो चुकीच्या मापाचा असला किंवा शेवाळाने भरला तर पाणी ट्रेमधून उसळतं. कोरडा पडला तर गटाराचा वास वर येतो.

आणि ताजी हवा. वीज वाचवायची म्हणून बाहेरच्या हवेचा डँपर, म्हणजे हवेच्या वाटेवरची झडप, बंद करून ठेवणं ही वाईट काटकसर आहे. माणसं श्वास सोडत राहतात, कार्बन डायऑक्साइड वाढत जातो, दुपारी तीन वाजता मीटिंगमध्ये डोळे मिटायला लागतात आणि तेव्हाही तक्रार 'गरम होतंय' अशीच येते. एक छोटं मीटर टेबलावर ठेवा. हजार पीपीएमच्या बराच वर आकडा राहत असेल तर थर्मोस्टॅटला हात लावू नका, डँपर उघडा.

कधी कधी कारण याहूनही साधं निघतं. डिफ्यूझरखाली, म्हणजे छतातून गार हवा येते त्या जाळीखाली, बसणाऱ्याला थंडी वाजते म्हणून तो पुठ्ठा चिकटवतो, ती हवा दुसरीकडे जाते आणि पलीकडचा कोपरा बिघडतो.

गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे

"दरवर्षी गॅस भरावा लागतो" हे वाक्य ऐकलं की मला वाईट वाटतं, कारण त्यात ग्राहकाचा पैसाही जातो आणि हवाही. गॅस खर्च होत नाही. बंद नळ्यांत तोच गॅस वर्षानुवर्षं फिरतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय, आणि गळती न शोधता भरणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणं. आर-४१०ए हा गॅस एक किलो हवेत गेला तर त्याचा तापमानवाढीवरचा परिणाम दोन टन कार्बन डायऑक्साइडएवढा असतो. गळती साबणाच्या फेसाने किंवा डिटेक्टरने शोधावी, दुरुस्ती करून नायट्रोजनने दाब देऊन तपासावं, व्हॅक्यूम करावं, मग गॅस वजनावर भरावा. दाब तपासायला ऑक्सिजनचा सिलिंडर कधीही लावू देऊ नका. तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो.

समुद्राजवळच्या इमारतींत खारा वारा बाहेरच्या युनिटच्या फिन खातो. नाल्या-खाडीच्या काठावर सडणाऱ्या गाळातून निघणारा गंधकयुक्त वायू तांबं काळं पाडून झिजवतो. अशा जागी गळती पुन्हा पुन्हा होत असेल तर दोष मेकॅनिकचा नसतो. तिथे फिनना संरक्षक लेप असलेलं कॉइल घ्यावं आणि ते साध्या पाण्याने वरचेवर धुवावं.

एक धोकादायक सवय इथेच सांगून टाकतो. चिलर 'फ्लो' दाखवून सारखा ट्रिप होतो म्हणून फ्लो स्विचच्या दोन वायरी जोडून टाकायच्या. तो स्विच पाणी वाहत नसेल तर यंत्र थांबवण्यासाठी आहे. तो निकामी केल्यावर एक दिवस पंप खरंच बंद पडतो, नळ्यांतलं पाणी गोठतं, नळ्या फुटतात. पाइपमधली गाळणी, म्हणजे स्ट्रेनर, उघडून गाळ काढला असता तर ट्रिप त्याच दिवशी थांबला असता.

वही

प्रत्येक प्लांट रूममध्ये लॉगबुक असतं. ऑपरेटरने दर तासाला आकडे लिहायचे असतात. मी कुठल्याही इमारतीत गेलो की आधी ती वही मागतो. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा सगळ्या ओळींत ३७.० लिहिलेलं असेल तर कुणी बघितलेलं नाही हे उघड आहे. सकाळचं आणि दुपारचं ऊन सारखं नसतं, तेव्हा आकडेही सारखे असू शकत नाहीत. पण यात ऑपरेटरला बोल लावून मी मोकळा होत नाही. आयटीआयचा दोन वर्षांचा कोर्स करून आलेल्या मुलाला या आकड्यांचं काय करायचं ते कुणी सांगितलेलंच नसतं. त्याने लिहिलेलं पान वरच्या माणसाने कधी वाचलेलं नसतं. पुष्कळदा थर्मामीटरही धड नसतो. पाइपमधल्या ज्या खोबणीत तो बसतो तिथलं तेल सुकलेलं असतं आणि काटा चार अंश मागे दाखवतो. आधी तेल भरा, मग मुलाला जाब विचारा.

वार्षिक कराराचंही तसंच आहे. सुट्या भागांसकटचा कॉम्प्रिहेन्सिव्ह घ्या किंवा फक्त मजुरीचा घ्या, पण करारात भेटींच्या संख्येबरोबर आकडे मागा: प्रत्येक सर्व्हिसच्या आधीचा आणि नंतरचा कंडेन्सर अप्रोच, एव्हॅपोरेटर अप्रोच (म्हणजे चिलरमधून निघणारं गार पाणी आणि तिथला गॅस यांच्यातला फरक), टॉवरच्या पाण्याचा टीडीएस, फिल्टरचा दाब, मोटरचे अ‍ॅम्पिअर. सर्वांत स्वस्त कोटेशन घेतल्यावर 'चेक्ड ओके' याहून जास्त काही मिळेल अशी अपेक्षा ठेवणं कंत्राटदाराच्या माणसांवरही अन्याय आहे. दिवसाला दहा जागा उरकायला लावलेला मेकॅनिक कंडेन्सर उघडणार तरी कधी?

कामाचा काळ आपल्या ऋतूंवर बसवावा. कोकणात पावसाआधी घर शाकारतात, पहिली सर आल्यावर कौलं शोधत नाहीत. मुंबई-पुण्यात डिसेंबर-जानेवारीत भार कमी असतो, तेव्हा चिलर आळीपाळीने बंद करून कंडेन्सर उघडावे, तेलाचा नमुना तपासावा, मोटरचं मेगर टेस्टिंग, म्हणजे तिच्या इन्सुलेशनची तपासणी, करावं, पॅनेलमधले सैल स्क्रू आवळावेत. गुढीपाडव्यापर्यंत टॉवर धुऊन तयार असावा. पाऊस लागण्याआधी निचऱ्याच्या नळ्या आणि गार पाइपांवरचं इन्सुलेशन बघावं, कारण दमट हवेत फाटलेल्या इन्सुलेशनमधून छतात पाणी गळतं. ऑक्टोबर हीटआधी पुन्हा एकदा टॉवर.

दवाखाना, दुकान, छोटं ऑफिस अशा ठिकाणी चिलर नसतो, कॅसेट किंवा स्प्लिट असतात. तिथे रांग छोटी, पण नियम तेच. फिल्टरचा दाब मोजायची सोय तिथे नसते, म्हणून तो पंधरवड्याला धुवा, बाहेरच्या युनिटला मोकळी हवा द्या, बंद ड्राय बाल्कनीत कोंबू नका, आणि गॅस भरायला आलेल्याला आधी गळती दाखवायला सांगा. युनिट भिंतीबाहेर लटकवलेलं असेल तर सेफ्टी बेल्ट बांधल्याशिवाय कुणालाही छज्ज्यावर उतरू देऊ नका, त्याने स्वतः "काही होत नाही साहेब" म्हटलं तरी.

त्या नऊ मजली इमारतीत नळ्या ब्रशने घासून झाल्यावर अप्रोच ६ वरून २ वर आला. दुसऱ्या चिलरचं कोटेशन फाइलला लागलं. आठवड्याने मी परत गेलो तेव्हा ऑपरेटरने लॉगबुकच्या पानावर पट्टीने एक नवी उभी रेघ मारलेली दिसली. वर पेनने 'फरक' असं लिहिलं होतं. खाली दर तासाचे आकडे होते: १.८, १.९, २.०, दुपारी तीनला २.२, आणि संध्याकाळी पुन्हा १.९.